निव्वळ

सावद्याच्या बायपासला भुईकाटा आहे, त्यावर मी बसतो.
सव्वीस वर्षं झाली.
ट्रक आधी रिकामा चढतो, मग केळी भरून.
मोठ्यातून लहान वजा केलं की उरतं ते निव्वळ.
वर्षातून एकदा वैधमापनवाले येतात,
लोखंडी वजनं रचतात, शिशाचा शिक्का मारून जातात.
तरी काटा दहा किलोच्या आत काही बोलत नाही.
पावतीवर हे लिहीत नाही मी,
पण कोणी विचारलं तर सांगतो.

चेतनाने नाशकाहून घड्याळ पाठवलं.
डॉक्टर भारंबे म्हणाले होते, साखर आहे,
रोज चारशे कॅलरी जाळा.
घड्याळाने वय विचारलं, उंची विचारली, वजन विचारलं.
बहात्तर, म्हणालो.
जन्मभर दुसऱ्यांची वजनं घेतलेला माणूस
पहिल्याच दिवशी मनगटाशी सहा किलो खोटं बोलला.

फैजपूरहून मोटारसायकलवर आलो. रस्ता तुम्हाला माहीतच आहे.
घरी उतरलो तेव्हा दोन हजार पावलं चाललो होतो.

मे महिन्यात, पत्र्याच्या केबिनमध्ये,
सेहेचाळीस अंशांत नुसता बसलो होतो.
उकाड्याने छाती धडधडत होती.
हिरवा दिवा कातडीतून आत डोकावला
आणि म्हणाला, छान व्यायाम चाललाय.

मग मला खोडच लागली.
आता निरीक्षक मीच.

रमजान तडवीच्या मनगटाला बांधलं.
घड त्याच्या डोक्यावर, दोन्ही हात वर, गच्च धरलेले,
मान ताठ. फळीवरून चढणं, रिकामं उतरणं, पुन्हा चढणं.
दुपारपर्यंत पाच जणांनी अकरा टन भरले.
हात हलला नाही, म्हणून माणूस हलला नाही,
असा घड्याळाचा हिशोब:
एकशे एकोणनव्वद.
रमजानने आकडा पाहिला. हसला नाही.
"मुकादमाले दाखवू नका," म्हणाला,
"तो यावरूनच मजुरी देईन."

अधिक महिन्यात जावई आले, कोकिळेने मांडे केले.
पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर,
कोपरापर्यंत झुलत, पातळ होत, चादरीएवढा,
आणि अलगद उलट्या खापरावर.
घड्याळाने ओळखलं: पोहणं.
चाळीस मिनिटं, तीनशे बारा.
कोकिळा उभ्या जन्मात पोहली नाही.
हतनूरचं पाणी तिने एसटीच्या खिडकीतून पाहिलंय.
"घड्याय येडं हाये का?" ती म्हणाली,
"इथं चुलीपुढे भाजून निघाले मी, अन् हे म्हनते पोहून ऱ्हायली."
मांड्यात किती कॅलरी, ते मात्र कोणी विचारलं नाही.
जावयांनी तीन खाल्ले.

शेवटी, रात्री काट्यावर कोणी नव्हतं,
एक ट्रक सकाळची वाट बघत उभा होता,
मी घडाच्या दांड्याला घड्याळ बांधून पाहिलं.
थोडा वेळ गोल गोल फिरलं.
मग म्हणालं, ठोके चौसष्ट.

हसू आलं. मग नाही आलं.
कारण कापलेला घडही जळत असतो हे मला पावत्यांतून ठाऊक आहे.
इथे मोजलेली गाडी दिल्लीत पोचते तेव्हा कमी भरते,
व्यापारी फोनवर शिव्या देतात,
आणि मी सांगतो, साहेब, चोरी नाही,
माल वाटेत श्वास घेतो.
म्हणजे कुणाचं घाम गाळणं त्याला दिसलं नाही,
आणि हे, जे कोणीच दाखवलं नव्हतं,
ते दिसलं?
की दिसलंच नाही, सुचेल तो आकडा फेकला?
शिक्का नाही. विचारू कोणाला.

घरी जाऊन वजन दुरुस्त केलं. अठ्ठ्याहत्तर.
दुसऱ्या दिवशी तोच कोचूर रस्ता, तेवढीच पावलं,
एकवीस कॅलरी जास्त.
खरं बोलायला एवढ्या लागत असाव्यात,
असं धरून
मी त्या ठेवून घेतल्या.